बाभळीखालचा हरभरा

येळवशीला आमच्या रानात जेवायला आलेला माणूस लवकर सुटत नाही. आधी भज्जी, मग आंबील, मग गव्हाची खीर, आणि एवढं झाल्यावर तो आडवं व्हायला जागा शोधू लागला की माझ्या भावाचं भाषण सुरू होतं. त्या वर्षी भाषणाला यंत्राची जोड मिळाली होती.

ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या लातूरकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पूजतात आणि वाटेनं जाणाऱ्या कोणालाही हाक मारून पंगतीला बसवतात. त्या दिवसाचा खरा मान भज्जीचा. तिच्यात ओले दाणे, शेंगा, बेसन आणि हरभऱ्याचे कोवळे शेंडे पडतात. त्यासाठी आदल्या दोन-चार दिवसांत बायका रानोरान शेंडे खुडत फिरतात. खुडलं की झाडाला फांद्या फुटतात, म्हणजे भाजीही मिळते आणि पीकही भरतं. आमच्या संशोधन केंद्राच्या पत्रकातसुद्धा हा सल्ला दरवर्षी छापलेला असतो.

तर माझा थोरला भाऊ विश्वंभर, म्हणजे अण्णा, कोपीसमोर उभा होता. जांभळगावच्या बियाणे गटाचा तो अध्यक्ष. आवाज असा की पलीकडच्या शिवारातली ढोरं माना वर करतात. हातात गटाचं ठसायंत्र होतं, जुन्या ट्रान्झिस्टरएवढं.

"बगा पाव्हणं," तो म्हणाला, "ही आपली घरणी, हरभऱ्याचा नवा वाण." त्यानं पायाजवळचं हरभऱ्याचं पान तोडलं, चिपेवर चुरडलं आणि यंत्राच्या फटीत सरकवलं. चहा गाळून होईपर्यंत दम धरावा लागतो. मग हिरवा दिवा लागला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. दुसरं पान, हिरवा. तिसरं पान, हिरवा. "मर रोगाचा बाप आला तरी हिला काय करत न्हाई!"

तेवढ्यात शेजारच्या रानातले रामलिंगकाका आले. बाभळीकडच्या वाटेनं, डोक्यावरून उपरणं घेऊन, तोंडात हरभऱ्याची डहाळी चघळत. "विश्वंभर, माझं बी पान लाव की," म्हणत त्यांनी हातातली उरलेली डहाळी पुढं केली.

तांबडा दिवा लागला.

मग कोणीतरी म्हणालं, "काकाच्या थुकीलाच मर रोग झालाय!" आणि सगळी पंगत हसली. काका सगळ्यात जास्त हसले. अण्णानं यंत्र झटकलं, पुसलं, पिशवीत टाकलं. मला मात्र हसू आलं नाही. ते यंत्र ज्या प्रयोगशाळेत तयार झालं, तिथं मी नोकरी करते.

"काका, ही डहाळी कुठली?" मी विचारलं.

"तुमच्याच रानातली की. बाभळीखालची."

मर रोग काय असतो ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जमिनीत एक बुरशी असते. ती मुळातून आत शिरते आणि खोडातल्या पाण्याच्या नळ्या तुंबवते. झाड बाहेरून धडधाकट दिसतं आणि एक दिवस ऊन चढलं की मान टाकतं. एकदा बुरशी जमिनीत बसली की वर्षानुवर्षं हलत नाही. झाडाला पळता येत नाही, पण लढता येतं. बुरशीची चाहूल लागताच काही वाण भराभर विशिष्ट प्रथिनं तयार करतात. त्यांना आम्ही आपसात कात्र्या म्हणतो, कारण ती बुरशीच्या अंगावरचं कवच कापतात. प्रतिकारक वाणात कात्र्या लवकर आणि भरपूर तयार होतात. दुबळ्या वाणात उशिरा आणि थोड्या.

पूर्वी या कात्र्या मोजायला दिवस लागत. पानांचा रस काढायचा, जेलवर चढवायचा, वीज सोडायची आणि उमटलेले पट्टे डोळे फोडून वाचायचे. ठसायंत्रानं ते काम शेताच्या बांधावर आणलं. कात्र्या भरपूर असल्या की हिरवा, नसल्या की तांबडा. देशभर कौतुक झालं. मग सरकारनं नियम केला की ज्या वाणाचा ठसा सलग तीन हंगाम हिरवा, त्याला मंजुरी. त्याआधी प्रत्येक वाण रोगट वाफ्यात पेरून बघावा लागे. रोगट वाफा म्हणजे मुद्दाम बुरशी वाढवलेली जमीन. तिथं कोण मरतं आणि कोण जगतं हे पूर्ण हंगाम बघत बसायचं. यंत्र आल्यावर एवढा वेळ कोण घालवणार? आमचा वाफा बुजवून तिथं सौर पंपांची शेड उभी राहिली. झाड मरताना बघणं आमच्या कामातून कायमचं गेलं, आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना बरंच वाटलं.

घरणीच्या चाचण्या आमच्याच पट्ट्यात झाल्या. तीनही हंगाम हिरवेगार. चौथ्या वर्षी मंजुरी येईल म्हणून जांभळगावानं आधीच सगळा शिवार तिच्याखाली आणला होता. येत्या शुक्रवारी मंजुरीची बैठक होती. शिक्का बसला की इथलं बी पुढच्या रब्बीला तीन जिल्ह्यांत जाणार होतं.

मी पिशवीतून यंत्र काढलं आणि बाभळीकडं निघाले.

"शिवलीला, तिकडं जाऊ नको!" वैनी ओरडल्या. "आग्यामोहोळ हाय."

मोहोळ होतंच. वरच्या फांदीला सुपाएवढं लटकत होतं. मी पदर डोक्यावर घेतला आणि खाली बसून पान तोडलं. तांबडा. दुसऱ्या रोपाचं पान, तांबडा. एका सरीत सात-आठ रोपं बघितली, सगळी तांबडी. दोन पावलं मागं, उन्हात, हिरवा. पुन्हा सावलीत, तांबडा. सावलीमुळं असं होत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. माती तीच, बी तेच, पेरणी एकाच दिवसाची.

मग मी यंत्राकडं बघायचं सोडून झाडाकडं बघितलं. बाभळीखालच्या रोपांना शेंडे होते. बाकी सगळं रान खुडलेलं होतं. मोहोळाच्या भीतीनं बायका इथं आल्याच नव्हत्या.

मी यंत्र खाली ठेवलं.

झाडाला जखम झाली की ते गडबडतं. शेंडा कोणी तोडला, अळीनं की माणसानं की गाईनं, ते त्याला कळत नाही. जखमेतून बुरशी शिरेल म्हणून ते आधीच कात्र्या तयार करून ठेवतं, सगळ्या अंगात. आठवडाभर त्या टिकतात आणि मग विरतात. हे पुस्तकात आहे, पहिल्या वर्षाला शिकवतात. पण खुडणीला इजा कोण म्हणतं? खुडणी म्हणजे भाजी. तीन हंगाम आमचे नमुने येळवशीनंतरच्या आठवड्यात घेतले होते, कारण येळवशीला माणसं मिळत नाहीत आणि पिकाचं वयही तेव्हाच नेमकं असतं. नमुन्याच्या तक्त्यात माती, ओल, तापमान, खत, सगळ्यासाठी रकाने होते. शेंडे खुडलेत का, असा रकाना कोणाच्या डोक्यातच आला नाही. आमच्यातल्या निम्म्यांनी तर त्याच शेंड्यांची भज्जी खाऊन नमुने गोळा केले होते. म्हणजे तीन हंगाम यंत्रानं वाणाची ताकद नाही, खुडणीची जखम मोजली होती.

मी बाभळीखालच्या एका ओळीचे शेंडे खुडले आणि शेजारची ओळ तशीच ठेवली. मुक्काम अण्णाकडंच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन बघितलं. खुडलेली ओळ हिरवी, शेजारची तांबडी.

मी तिथंच बांधावर बसून डॉ. प्रभुदेसाईंना फोन लावला. मृणाल प्रभुदेसाई आमच्या केंद्राच्या प्रमुख. मूळच्या कोकणातल्या, बोलायला तिखट, कामाला चोख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गटाचं यंत्र जुनं आहे, शिवलीला. त्याच्या आकड्यांवर समिती थांबणार नाही."

"मग कुंडीत लावून बघू या. सहा आठवडे द्या."

"शुक्रवारपर्यंत सहा आठवडे कुठून आणू?" पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. "गुरुवारी सकाळी मी येते. केंद्राचं सीलबंद यंत्र आणते. मला माझ्या डोळ्यांनी तांबडा दिवा दाखव. एक दिसला तरी मी बैठक थांबवीन."

आता अण्णाला सांगायचं होतं. आई-अप्पा गेल्यापासून माझी माणसं म्हणजे अण्णा आणि निलावती वैनी, एवढंच. लग्न मी केलं नाही. लातूरच्या खोलीत एकटी राहते आणि दर सणाला एसटीत बसून इथं येते. त्या दोघांनी दार लावलं तर मला जायला दुसरं घर नाही, हे मला चांगलं कळत होतं.

संध्याकाळी अण्णा ओसरीवर पाय धुऊन बसला. वैनींनी चहा आणला. मी सगळं सांगितलं, शक्य तितकं सोपं करून. त्यानं मध्ये एकदाही टोकलं नाही, आणि हे त्याच्या स्वभावात नव्हतं.

"आणखी कुणाला सांगितलीस?" त्यानं विचारलं.

"मॅडमना."

"कवा?"

"दुपारी."

"म्हंजे मला सांगायच्या आधी." त्यानं कप खाली ठेवला. "माझ्याच रानात बसून, माझ्याच यंत्रानं, आन सांगितलीस तिला."

"अण्णा, शुक्रवारी बैठक आहे..."

"आगं, म्या ह्या गावात एकेकाच्या दारात जाऊन सांगितलो. बियाला औषध लावू नका, घरणी हाय. हरभऱ्यावर हरभरा पेरा, घरणी हाय. करडई मोडली, जवारी मोडली, समदा शिवार एक केलो. कुणाच्या भरोशावर? तुझ्या केंद्राच्या! तूच म्हणली व्हतीस, अण्णा, हिरवा म्हंजे हिरवा. आता पारावर जाऊन काय सांगू? माझी बहीण म्हणती, समदं खोटं व्हतं?"

तो म्हणत होता ते खरं होतं.

"शुक्रवार निघून जाऊ दे," तो आवाज खाली आणून म्हणाला. "पुढल्या साली आमी हळूच औषध लावायला सुरू करू. फेरपालट बी करू. कुणाला कळणार न्हाई."

"आणि तीन जिल्ह्यांत बी जाईल त्यांचं काय? ते औषध लावणार नाहीत. त्यांना कोण सांगणार?"

"त्यांची काळजी तुला हाय. माझी न्हाई."

"तुझी आहे म्हणून तर..."

"काय बोलूलालीस तू?" तो उठला. "भावाची काळजी असलेली बहीण असं करती व्हय?"

तो चहा न पिता बाहेर गेला. वैनी कप उचलत म्हणाल्या, "वन्सं, तुमी शिकलेल्या. आमाला त्यातलं काय कळत न्हाई. पर ह्यांनी गावात मान खाली घातलेली मला बघवणार न्हाई." एवढं बोलून त्या आत गेल्या. मला रडू आलं, आणि ते मी वैनींना दिसू दिलं नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं मी लातूरला परतले.

गुरुवारी मॅडमची जीप जांभळगावात शिरली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. थंडी दोन दिवसांत ओसरली होती. अण्णा रानात आधीच उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून. शेजारी वैनी, पदर पार नाकापर्यंत ओढलेला. अण्णानं माझ्याकडं बघितलंच नाही.

"नमस्कार मॅडम. या. बगा काय बगायचं ते."

मी पुढं झाले. बाभळीखाली गेले आणि थांबले.

एकाही रोपाला शेंडा नव्हता.

मी ठेवलेली ओळ, तिच्या मागच्या ओळी, अगदी बुंध्याला टेकलेलं रोपसुद्धा, सगळं खुडलेलं होतं. मोहोळ वर तसंच घुमत होतं.

मॅडमनी सीलबंद यंत्र उघडलं, नवी चिप घातली. हिरवा. जागा बदलली. हिरवा. पाच वेळा बघितलं. मग त्या उभ्या राहिल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तू म्हणालीस इथं खुडणी झाली नव्हती."

"परवापर्यंत नव्हती, मॅडम."

"पाटील, इथं कधी खुडलंत?" त्यांनी अण्णाला विचारलं.

अण्णानं माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच. "येळवशीच्या आधीच, बाकीच्या रानाबरुबर," तो म्हणाला. "तिला चुकलं असंल. सणाचा दिवस, गर्दी व्हती."

लहानपणापासून अण्णा माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. भांडला, ओरडला, एकदा थोबाडीतही मारली, पण खोटं नाही.

तेवढ्यात वारा आला आणि वैनींचा पदर मागं सरकला. डावा गाल टम्म सुजला होता, डोळा जवळजवळ मिटला होता. त्यांनी घाईनं पदर ओढला.

"अहो, हे काय झालं?" मॅडम म्हणाल्या.

"दाढ सुजलीया," वैनी म्हणाल्या.

दाढ अशी सुजत नाही. हनुवटीखाली माशीच्या काट्याचे दोन लाल ठिपके मला उभ्या जागेवरून दिसत होते. घोंगडं पांघरून ही बाई मोहोळाखाली ओणवी होऊन शेंडे खुडत बसली होती, नवऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून. मला फक्त बोट दाखवायचं होतं. मॅडम हुशार आहेत, एका वाक्यात कळलं असतं. मी वैनींकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला ते वाक्य बोलता येईना.

"शिवलीला," मॅडम हळू म्हणाल्या, "तुझ्यावर माझा अविश्वास नाही. पण मी उद्या समितीला काय दाखवू? माझ्यासमोर पाचही हिरवे आले. त्यांना पुरावा म्हणून तांबडा दिवाच लागतो."

दिवा. आम्ही सगळे त्या दिव्याकडंच बघत होतो. मी खाली बघितलं. बुंध्याजवळच्या एका रोपाची खालची पानं किंचित फिकी वाटली. की मला तसं वाटायला हवं होतं? त्या क्षणापर्यंत माझ्या मनात एवढंच होतं की यंत्राचा ठसा खोटा आहे आणि धोका पुढच्या वर्षांचा आहे. रोग आजच इथं आला असेल, हा विचार मी केला नव्हता. करायची हिंमत झाली नव्हती म्हणा.

मी ते रोप मुळासकट उपटलं.

"काय करूलालीस?" अण्णा म्हणाला.

नमुने कापायचं पातं मी पिशवीतून काढलं. मर रोग बघायची एक फार जुनी रीत आहे. मुळाच्या वरचं खोड उभं चिरायचं. निरोगी असलं तर आत पांढरं असतं. बुरशी शिरली असली तर मधल्या नळ्यांत तपकिरी-काळी रेघ दिसते. या कामाला यंत्र लागत नाही. रोगट वाफे होते तोवर आम्ही दिवसाला शेकडो रोपं अशी चिरत होतो.

पातं खोडावर ठेवलं आणि माझा हात थांबला. पांढरं निघालं तर मी खोटी ठरणार होते आणि उद्या शिक्का बसणार होता. काळं निघालं तर मी खरी, आणि माझा भाऊ बुडाला. काय निघावं असं मला वाटत होतं? मी देवाची शपथ घेऊन सांगते, पांढरं निघावं असं वाटत होतं.

मी चिरलं.

मधोमध काळसर रेघ होती, मुळापासून पहिल्या फांदीपर्यंत.

मॅडमनी रोप माझ्या हातातून घेतलं. उन्हात धरलं. मग त्याच रोपाचं एक पान तोडून चिपेवर चुरडलं आणि यंत्रात सरकवलं. आम्ही चौघं उभे राहिलो. मोहोळाचा आवाज तेवढा येत होता. हिरवा दिवा लागला. मॅडमच्या एका हातात तो हिरवा दिवा होता आणि दुसऱ्या हातात आतून सडत चाललेलं रोप.

"अरे देवा," त्या म्हणाल्या.

"एक रोप कुजकं निघालं म्हणून काय झालं?" अण्णा म्हणाला. त्यानं पुढं होऊन स्वतः एक रोप उपटलं आणि नखानं खोड फाडलं. बघितलं आणि टाकून दिलं. दुसरं उपटलं. ते आतून पांढरं होतं. "हे बगा!" तो ओरडला. "पांढरं हाय!" आणि लगेच तिसरं उपटलं. तिसरं काळं निघालं. चौथंही काळं. तो उपटत उपटत रानाच्या मध्यात गेला. इस्त्रीचा सदरा मातीनं भरला. मी मागून हाका मारल्या, पण त्यानं वळून बघितलं नाही. रानाच्या मधोमध तो गुडघ्यावर बसला आणि तिथली रोपं फाडायला लागला, एकामागून एक.

मॅडम फोन लावत जीपकडं गेल्या. त्यांचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. "नाही, पुढं ढकलू नका. रद्द करा... तीनही हंगामांचे नमुने... हो, आमचीच चूक, माझ्या नावानं लिहा... बी कुठंही जाता कामा नये." फोन ठेवून त्या वैनींकडं आल्या, त्यांच्या गालाकडं नीट बघितलं, काहीच विचारलं नाही आणि जीपमधल्या पेटीतून मलम काढून त्यांच्या हातावर ठेवलं. मग मला म्हणाल्या, "तू थांब इथं. उद्या ये." जीप निघून गेली.

मी अण्णाजवळ जाऊन बसले. तो थांबला होता. समोर फाडलेल्या रोपांचा ढीग पडला होता.

"ऊन चढलं की काय व्हईल?" त्यानं विचारलं.

"मान टाकतील. घाट्यांत दाणे भरायच्या आत."

"किती?"

"सांगता येत नाही, अण्णा. निम्मी तरी."

"आन समद्या शिवारात?"

त्याला उत्तर माहीत होतं. औषध न लावता हरभऱ्यावर हरभरा, घरोघर, त्याच्याच शब्दावर.

"आता काय केलं तर वाचंल?"

"यंदा फार नाही. पण आजारी रोपं आत्ताच उपटून जाळली तर जमिनीत बुरशी कमी राहील. रोपं मेल्यावर उशीर होतो. सगळ्यांनी मिळून केलं तर."

"समद्यांनी," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "तू वैनीच्या गालाकडं बघितलीस. म्या बगत व्हतो. बोलली का न्हाईस?"

"बोलवेना."

तो बराच वेळ हातातलं रोप फिरवत बसला. मग उठला. फाडलेली रोपं दोन्ही हातांनी गोळा करून छातीशी धरली आणि बांधाकडं चालायला लागला.

"कुठं निघालास?"

"सांगायला."

"मी येते."

"तू नको. बहिणीनं गावाचं वाटोळं केलं म्हणतील. तू जा लातूरला."

"म्हणू देत," मी म्हणाले आणि त्याच्या मागं चालू लागले. त्यानं पुन्हा नको म्हटलं नाही.

पहिलं रान रामलिंगकाकांचं होतं. काका विहिरीच्या कठड्यावर बसून सुतळी वळत होते. अण्णाच्या छातीवरची रोपं बघून ते हसले. "काय विश्वंभर, ढाळे भाजायची घाई झाली व्हय? आजून घाटेच न्हाईत!"

अण्णानं रोपं त्यांच्या पायाशी ठेवली आणि एक उचलून त्यांच्या हातात दिलं. काकांनी ते डोळ्यांजवळ नेलं, रेघेवरून नख फिरवलं. त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"हे कुठलं?"

"माझ्या रानातलं. मधलं." अण्णाचा तो मोठा आवाज कुठंतरी गेला होता. "काका, येळवशीला तुमच्या डहाळीला तांबडा दिवा लागला, तो खरा व्हता. शिवलीलानं वळखलं. आज मॅडम बगायला येणार म्हणून म्या बायकोला बाभळीखाली खुडायला लावलो. मोहोळ चावलं तिला. आन मॅडमच्या तोंडावर म्या खोटं बोललो."

काकांनी माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा अण्णाकडं. मला वाटलं ते आता शिव्या देतील. त्यांनीही अण्णाच्याच शब्दावर यंदा करडई मोडली होती.

ते सुतळी बाजूला ठेवून उठले, चप्पल काढून आपल्या रानात उतरले आणि चालत पार मध्यापर्यंत गेले. तिथं खाली वाकून त्यांनी एक रोप उपटलं. आम्ही दोघं बांधावर उभे राहून त्यांच्या हातांकडं बघत होतो.